आकाशगंगेतलं सोनं

मनोहरराव प्राध्यापक झाल्यापासून आपण उमरेडच्या विणकराचे चिरंजीव आहोत, हे कोणाला सांगत नसत. प्रताप नगरच्या बिऱ्हाडात बसून त्यांनी ताऱ्यांचं गणित मांडलं होतं. आकाशगंगा जन्मल्यापासून ताऱ्यांच्या पोटात लोखंड किती शिजलं, सोनं किती. ते आकडे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चढवले होते. एका कचेरीने आपलं संगणक यंत्र सोमवारी सकाळी, एकदाच, वापरू द्यायचं कबूल केलं होतं. विद्यापीठातली रीडरची वरची जागा त्यांना या गणितावर मिळणार होती.

सोमवारी उठून बघतात तो सगळे पुठ्ठे दोरीत ओवलेले!

"बाबा! हे कोणी केलं?"

"मी. काहून ओरडून राहिला गा?" मुक्कामाला आलेले त्यांचे वडील नानाजी म्हणाले. "पुठ्ठे सुटे ठेवते का कोणी? एक खालीवर झाला का लुगड्याचा सारा काठ बिघडते. टोच्यानं भोकं पाडले अन् ओवून देल्ले."

"हे तुमच्या मागावरचे नक्षीचे पुठ्ठे नाहीत!"

"मालूम हाय मले. मागाचे मोठे राह्यते. पन सुटे ठेवनं बरं नाही."

दोरी कापली, पण भोकं राहिली. तीही नेमकी कोऱ्या जागेत, म्हणजे यंत्राच्या लेखी प्रत्येक संख्येच्या तोंडाशी एक जादा नऊ; लहानमोठे सगळे आकडे एकाच मापाचे. नवे पुठ्ठे करायला वेळ नव्हता. यंत्राने सगळं निमूट गिळलं आणि निकाल ओकला: आकाशगंगेत हायड्रोजनएवढंच सोनं!

मनोहरराव विभागप्रमुख रुपराव सरांकडे धावले. सरांना या विषयातलं ओ की ठो कळत नसे. पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालण्यात त्यांचा हात धरणारा विदर्भात कोणी नव्हता.

"सर, यात जरा घोटाळा..."

"घोटाळा कसला? सोनं आहे सोनं! दुपारच्या परिसंवादात पाहुण्यांचे डोळे दिपतील. आणि हो, मांडणी माझीच, असं मी सांगून चुकलोय. तुमच्या रीडरच्या जागेचं पुढे कधीतरी बघू."

मनोहररावांनी निकालाचे कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

दुपारच्या परिसंवादात सरांनी छाती फुगवून सांगितलं, "यातला आकडा न् आकडा मी स्वतः तपासला आहे!" पुढच्या रांगांनी टाळ्या पिटल्या. त्यांना सरांच्याच हाताखाली नोकरी करायची होती.

एक म्हातारे पाहुणे उठले. "इतकं सोनं? मग आमच्या बायका इतवारीत सराफाकडे कशाला जातात हो? कोणत्या गणिताने आलं हे?"

सभागृह हसलं. सरांनी घाम पुसला. "मनोहरराव, जरा समजावून सांगा यांना."

मनोहररावांच्या मनात इतका संताप होता, की आवाज अगदी मऊ निघाला.

"मी काय सांगणार सर? मांडणी तुमची. तुम्हीच सांगा ना."

आणि नोकरीत पहिल्यांदाच ते खुर्चीत ऐसपैस रेलून बसले.