दोन माणसांसाठी प्रार्थना

आमच्या चर्चमधल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नवरा मांडीचं हाड मोडून तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पडून होता. लिफ्ट बंद. सोमवारी शस्त्रक्रिया, ही वेळ चुकली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. म्हणून रविवारची उपासना संपताच बाई आमच्या मध्यस्थी प्रार्थना समितीपुढे, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणाऱ्या मंडळींपुढे, आल्या. मी या समितीचा सचिव आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

"ह्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायला चारजण लागतील," बाई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्सचे दोघं आहेत. तुमच्यातली दोन माणसं द्या."

"बाई, माणसं अशी परस्पर देता येत नाहीत," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "आधी ती प्रार्थनेत मागायची असतात."

विनंती रीतसर दाखल झाली. व्यायामशाळेच्या मास्तरांनी तर मन पिळवटून प्रार्थना केली. "हे प्रभू, भरदार खांद्यांची दोन माणसं पाठव!" बाईंनीच शिवलेला त्यांचा सदरा खांद्यावर उसवतो की काय, असं वाटलं.

"मास्तर, मग तुम्हीच या ना!" बाई म्हणाल्या.

मास्तर दुखावले. "उत्तर देणं हे त्याचं काम. त्यात मी कुठं नाक खुपसू?"

तरीही प्रकरणाचं गांभीर्य पाहून समितीनं प्रत्यक्ष स्थळी प्रार्थना करण्याचा ठराव केला. सोमवारी सकाळी झाडून सगळी मंडळी हजर! मास्तरसुद्धा, प्रार्थनेला ते कधी दांडी मारत नाहीत. घर एवढंसं. मावली तेवढी आत मावली, उरलेली जिन्यात पायरी पायरीवर डोळे मिटून उभी राहिली.

इतक्यात खालून ॲम्ब्युलन्सवाले ओरडले, "ओ साहेब, जरा सरका! पेशंट न्यायचाय!"

"श्श! त्याच्यासाठीच चाललंय," जिन्यातून कुणीतरी दटावलं.

अध्यक्ष तेव्हा ऐन रंगात आले होते. "वाटेतला प्रत्येक अडथळा दूर कर!" जिनाभर आमेन घुमलं. कुणी तसूभरही हललं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बराच वेळ वाट पाहिली, मग त्यांना दुसरीकडचं बोलावणं आलं आणि ते गेले.

गाडीचा आवाज ऐकून बाई दारात आल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "अहो, इतकेजण आहात, कुणीतरी हात लावा हो! पाय जाईल त्यांचा!"

आम्हाला गलबलून आलं. आम्ही लगेच हात लावले, बाईंच्या डोक्यावर. मास्तरांनी दोन्ही.

नंतर अंगणात आढावा बैठक झाली. दोन माणसं मागितली होती. दोन माणसं जिन्याच्या तोंडाशी आली होती, हे सर्वांनी ऐकलं होतं. सबब प्रार्थनेचं उत्तर तंतोतंत मिळालं, असा निष्कर्ष निघाला. पुढं जे बिनसलं ते बाईंच्या विश्वासातल्या उणिवेमुळं. तो वाढावा म्हणून वेगळी प्रार्थना सुरू केली आहे.

पाय मात्र गेला.

वाचकहो, चुकचुकलात ना? उत्तम. आमच्या समितीत यायला वेगळा अर्ज लागत नाही. बसल्या जागी चुकचुकता आलं की पुरे. या, बसा.