एका विनोदी नाटकातली तीन मरणं

नाटक लिहायला महिनेच्या महिने लागतात, ही देवेशच्या मते जुन्या लोकांची निव्वळ फुशारकी होती. आता एआय आहे. एक संध्याकाळ, दोन फिल्टर कॉफ्या आणि थोडी कल्पकता, की झालं नाटक! चेन्नईतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका यांना त्याने हे छातीठोकपणे सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बजावलं, की नाटक हसवणारं हवं, नाहीतर मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला गेल्या वर्षीसारखा ऑर्केस्ट्रा बोलावू. देवेश शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्यांचे अहवाल लिहायचा. ते कोणी वाचत नसे. आपण लिहिलेलं एकदा तरी माणसांनी बसून ऐकावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

गोष्ट झकास होती. शाकाहारी घरमालक, त्याच्याकडे भाड्याने आलेलं कोकणातलं जोडपं आणि आईने गावाहून पाठवलेले सुके बोंबील. नवऱ्याच्या भूमिकेत स्वतः देवेश. बायको कीर्ती, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, पीजीत राहणारी. घरमालक गुरुराज, बँकेत कारकून. तो तंजावरकडच्या मराठी घराण्यातला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. देवेशने एआयकडून नाटकाचा सांगाडा करून घेतला आणि मग एक अत्यंत आधुनिक निर्णय घेतला. प्रत्येकाने आपापली भूमिका घरी, आपापल्या एआयबरोबर बसून फुलवायची आणि तालमीला थेट मंडळाच्या एग्मोरच्या हॉलवर यायचं.

तालमीत कीर्ती पहिल्याच प्रवेशात खोकायला लागली. देवेशने धावत जाऊन पाणी आणलं. ते बाजूला सारून तिने आपल्याला असाध्य आजार असल्याचं सांगितलं आणि दोन पानं ती फार सुंदर मरत राहिली. देवेशला खरं तर यानंतर तिच्याशी बोंबलांवरून भांडायचं होतं. पण त्याला बोलायची सोय नव्हती, कारण त्यानेही एआयला आपल्या भूमिकेला जरा खोली द्यायला सांगितलं होतं आणि एआयने ती इतकी दिली, की नवरा समुद्रात बुडूनच गेला. उरला घरमालक. त्याचा मुलगा म्हणे लहानपणी हरवला होता. गुरुराजने बुडालेल्या देवेशला खड्या पुणेरी मराठीत "बाळा, तूच का तो?" असं विचारलं आणि उत्तर येईना म्हणून खुर्चीतच प्राण सोडला.

रंगमंचावर बोलायला कोणी शिल्लक राहिलं नाही. बोंबील तर तिघांच्याही प्रतींतून गायब होते. कोपऱ्यात बसलेले काका चष्मा पुसत उठले. ऑर्केस्ट्रावाल्याला आपण अजून नकार कळवलेला नाही, एवढंच सांगून ते गेले.

देवेशचं धाबं दणाणलं. त्याने तिन्ही प्रती एआयला दिल्या आणि यातली चांगली कोणती ते विचारलं. तिन्ही हृदयस्पर्शी आहेत, असं उत्तर आलं. हवं असल्यास शेजाऱ्यांचाही मृत्यू घालून देतो, अशी तयारीही त्याने दाखवली. मग देवेश कीर्तीवर घसरला. विनोदी नाटकात मरायची काय गरज होती?

"दोन वर्षं मंडळात येतेय," कीर्ती म्हणाली. "सगळे मला पीजीतली मुलगी म्हणतात. वाटलं, मेल्यावर तरी कोणी नाव विचारेल."

 देवेशने गुरुराजकडे मोर्चा वळवला. हे पुणेरी बोलणं कुठून आलं?

"घरी बोलतों तसा इथे बोललों की अस्के हसतांत, दा," गुरुराज म्हणाला. "म्हणून शुद्ध करून घेतलों."

अस्के म्हणजे सगळे. त्या सगळ्यांत आपणही होतो, हे आठवून देवेशला मनापासून वाईट वाटलं. एआयचं तरी काय चुकलं होतं? प्रत्येकाने गुपचूप त्याच्या कानात आपली हौस सांगितली आणि त्याने ती पुरवली. एकमेकांशी बोलायचं मात्र तिघांनाही सुचलं नव्हतं.

मग तिघे हॉलच्या पायरीवर बसले आणि एआय उघडलेला फोन मधोमध ठेवला. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने खोडायचं, फोनने मांडायचं आणि तिघांनी मिळून पुन्हा खोडायचं, असं सुरू झालं. बोंबील घरमालकाच्याच स्कूटरच्या डिकीत लपवायचे, ही नामी कल्पना एआयची. घरमालकाचं बोलणं गुरुराजने आपल्या आजीच्या तोंडचं घातलं. एआय ते दर वेळी शुद्ध करायचं आणि कीर्ती दर वेळी ते पुन्हा होतं तसं करायची. नाटकातल्या बायकोचं नाव कीर्तीच ठेवलं.

प्रयोगाला हॉल भरला आणि डिकी उघडल्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. गुरुराजच्या वाक्यावाक्याला हशा होता, पण या वेळी लोक त्याला हसत नव्हते, घरमालकाला हसत होते. देवेशच्या स्वगतावर पडदा पडल्यावर बायका "कीर्ती, इकडे ये गं" म्हणून हाका मारत होत्या. देवेशचा ऊर भरून आला.

तेवढ्यात काका आले. "घरमालकाचं बोलणं काय लिहिलंय रे! तुमचं ते एआय जबरदस्त आहे."

देवेश खुलासा करणार, तोच काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फक्त तुझं ते शेवटचं स्वगत जरा कृत्रिम वाटलं. यंत्राचं लिखाण लगेच कळतं बघ. पुढच्या वेळी तेवढं तू स्वतः लिही."

ते स्वगत देवेशने एकट्याने लिहिलं होतं. फोनला तर सोडाच, कीर्तीला आणि गुरुराजलाही दाखवलं नव्हतं.

"बरं काका," तो म्हणाला.