वापरात नसलेली खोली

आमच्या घरात घातक वायू आहे, ही बातमी आम्हाला टपालाने कळली. वायूचं नाव रेडॉन. तो जमिनीतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मोजणी कार्यालयाने दिलेली, हा वायू मोजणारी डबी आम्ही तीन महिने तळघरात ठेवली होती. तळघरात माझे वडील झोपतात. अहवाल आला: मर्यादेच्या चौपट.

"उपाय सोपा आहे," घरी आलेले मोजणी अधिकारी म्हणाले. "तळघराच्या फरशीखालून पाइप काढायचा, छताच्या वर न्यायचा, पंखा बसवायचा. दोन दिवसांचं काम."

"पाइप जाणार कुठून?" बायकोने विचारलं.

अधिकाऱ्यांनी दिवाणखान्याच्या नव्याकोऱ्या लाकडी भिंतीकडे बोट दाखवलं. बायकोचा चेहरा असा पडला, जणू कर्करोग भिंतीलाच झालाय.

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"आहे ना! नियम म्हणतो, डबी सर्वात खालच्या, वापरातल्या खोलीत ठेवावी. तळघर वापरात नाही असं लिहून द्या."

"पण बाबा राहतात तिथे."

"राहणं वेगळं, वापर वेगळा. तिथे आहे काय?"

"एक पलंग, एक कपाट आणि बाबा."

"म्हणजे जुनं सामान," असं म्हणून त्यांनी लिहूनही टाकलं.

घर बाबांच्या नावावर, त्यामुळे सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "'तळघरात कोणीही राहत नाही.' अरे, मग मी कोण?"

"आजोबा, धोका तिथे राहणाऱ्याला असतो," अधिकारी मायेने म्हणाले. "तुम्ही राहतच नाही म्हटल्यावर तुम्हाला कसला धोका?"

बाबा खोकले आणि त्यांनी सही केली. "माझ्यापायी तुमची भिंत कशाला फोडता," एवढंच म्हणाले. मला मनापासून लाज वाटली. संध्याकाळच्या चहापर्यंत ती टिकलीसुद्धा.

डबी तळमजल्यावर आली. तीन महिन्यांनी तिथेही आकडा दुप्पट निघाला. आता हात धुऊन मागे लागलोच होतो, म्हणून तळमजलाही वापरातून काढला. वरच्या मजल्यावर मर्यादा जेमतेम ओलांडली गेली, तेव्हा अधिकाऱ्यांनाच हळहळ वाटली. शेवटी डबी गच्चीत पाण्याच्या टाकीला बांधली आणि आमचं अख्खं कुटुंब टाकीशेजारी राहतं, असं प्रतिज्ञापत्र दिलं. तिथला आकडा इतका देखणा आला की कार्यालयाने 'आदर्श निरोगी घर' असं प्रमाणपत्र पाठवलं.

या सगळ्यात वर्ष गेलं. बाबा तळघरातच आहेत. जिना चढताना त्यांना आता दोनदा थांबावं लागतं. डॉक्टरांकडे न्यायचं आम्ही ठरवलं होतं, पण बायको म्हणाली, "अहो, प्रमाणपत्र असताना डॉक्टर कशाला? उगाच शंका घेतल्यासारखं दिसेल." तिचंही खरंच होतं.

प्रमाणपत्र लाकडी भिंतीवर टांगलंय. शेजारीपाजारी येऊन बघून जातात. वायूचं काय झालं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. सगळे अधिकाऱ्यांचा नंबर मागतात.

तुम्हालाही हवा असेल, तर खुशाल घ्या. फक्त तुमच्याकडे सर्वात खालच्या खोलीत कोण झोपतं, ते मला सांगत बसू नका. अधिकाऱ्यांना सांगा. ते खोडून देतात.