स्वयंचलित माग

संरक्षण संशोधन निधीच्या अर्जात यंत्राचं नाव लिहायला दहाच अक्षरांची जागा होती, आणि परभाषेतला शब्द घातला की अर्ज बाद. भोंगेवाल्यांच्या यंत्राचं पूर्ण नाव होतं 'ड्रोनचा स्वयंचलित माग काढणारे यंत्र'. त्यांनी आधी ड्रोन काढला, मग यंत्र काढलं, शेवटी 'काढणारे'ही काढलं. उरलं ते 'स्वयंचलित माग'. त्यांना ते सुटसुटीत वाटलं आणि त्यांनी अर्ज धाडून दिला.

भोंगेवाले म्हणजे सभा-समारंभांचे कर्णे दुरुस्त करणारे गृहस्थ. जगाचे कर्णे ओरडतात, आपला ऐकेल, असं सात वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत एका खांबावर चार कर्णे बसले होते. दूरवर ड्रोन गुणगुणला की खांब तिकडे वळावा आणि शिट्टी वाजावी, अशी योजना होती. आजवर ती शिट्टी फक्त मिक्सरला आणि शेजाऱ्यांच्या खोकल्याला वाजली होती.

बायकोने सात वर्षं दम धरला आणि आता निक्षून सांगितलं, यंदा निधी मिळाला नाही तर एक तारखेपासून मुकाट्याने तिच्या भावाच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं. भोंगेवाल्यांना दुकानाचं एवढं भय नव्हतं. आपला नवरा माणूस म्हणून बरा, पण संशोधक म्हणून वाया गेला, असं जे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, त्याने त्यांचा जीव तुटायचा.

कार्यालयाचं पत्र आलं. गणवेश व तंबू विभागाची समिती गुरुवारी आपला माग पाहण्यास येत आहे, तरी समितीसमक्ष हातभर कापड विणून दाखवावे. भोंगेवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांनी फोन लावला.

"साहेब, माझा माग तो माग नाही. माग काढायचा माग आहे."

"काढायचा? मग आधी लावलात कशाला?" पलीकडचा कारकून म्हणाला.

"म्हणजे पाठलाग हो. ड्रोनचा."

"तसं नावात नाही. अर्जासोबतचं माहितीचं पाकीट गोपनीय असतं, ते अध्यक्ष जागेवर आल्यावर उघडतात. विभाग बदलायचा तर पुढच्या वर्षी नवा अर्ज."

"मग मी आता करू काय?"

"माग दाखवा."

बायकोला हे सांगितल्यावर ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिने पदर खोचला. तिच्या मावशीकडे माळ्यावर हातमाग पडून होता. बुधवारी तो टेम्पोतून सुटासुटा आला आणि त्याच्याबरोबर मावशीही आल्या, कारण तो जोडणं आणि चालवणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. मावशींना ऐकू अजिबात येत नव्हतं. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी माग उभा केला, आणि कर्णे कोपऱ्यात चादरीखाली गेले.

गुरुवारी समिती आली. समिती म्हणजे भरघोस मिशांचे अध्यक्ष आणि त्यांची बॅग धरणारा एक सहायक. बायको चहा टाकायला आत गेली. मावशींनी खटाखट विणायला सुरुवात केली.

"हा स्वयंचलित कसा?" अध्यक्षांनी विचारलं. "या बाई चालवताहेत की."

"त्यांना कुणी सांगावं लागत नाही," भोंगेवाले म्हणाले. "आपोआपच चालवतात."

अध्यक्ष मिशीवर बोट फिरवत विचारात पडले, तेवढ्यात कोपऱ्यातली चादर हलली. ती हळूहळू वळली, ताठ झाली, छताकडे रोखून उभी राहिली आणि कर्कश शिट्टी वाजू लागली. सहायकाच्या हातून बॅग पडली. मावशी विणतच होत्या.

भोंगेवाल्यांचा धीर सुटला. आता सगळं बुडालंच आहे, तर खरं बोलून बुडावं, असं त्यांना वाटलं.

"वर ड्रोन आहे," ते म्हणाले. "माझा माग तो आहे. हा माग मावशींचा आहे."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथल्या तिथे पाकीट फोडलं, उभ्याउभ्या वाचलं, दार लावून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. अर्जदाराची जागा खरी आहे की नाही, हे खातं गुपचूप वरून पाहून घेतं, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यासाठीचा हा नवा ड्रोन कुणालाही ऐकू येत नाही, असं अध्यक्षांनी स्वतःच्या सहीने मागच्याच महिन्यात वरिष्ठांना कळवलं होतं.

"पूर्ण निधी मंजूर," ते कुजबुजले. "पण नाव मागच राहील. गुप्ततेला याहून चांगलं नाव सापडायचं नाही. दरवर्षी तीस हात कापड पाठवा, म्हणजे कुणाला संशय यायला नको. आणि या कर्ण्यांबद्दल घरीदारी कुणी विचारलं, तर फसले म्हणायचं. इथे सही करा."

भोंगेवाल्यांनी सही केली. सात वर्षांत पहिल्यांदा यंत्राने खरा ड्रोन पकडला होता, तोही सरकारचा. समिती मागच्या मागे निघून गेली.

बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"अहो, गेलेसुद्धा? काय म्हणाले?"

"मंजूर झाला. माग."

"आणि तुमचे कर्णे? मघाशी शिट्टी वाजली ती कशाची?"

भोंगेवाल्यांना नाचावंसं वाटत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मिक्सर लावला होतास ना आत?"

"नाही बाई."

"मग शेजारी खोकले असतील," भोंगेवाले म्हणाले. "फसलंच ते. तू म्हणत होतीस तेच खरं."

बायकोने ट्रे खाली ठेवला. इतक्या मायेने तिने सात वर्षांत कधी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "प्रत्येकाला सगळंच कुठे जमतं? उद्यापासून मावशीकडे शिकायला बसा."