मंजूर चांदणं

आप्पा सोहोनी रोज तिन्हीसांजेला आमच्या गल्लीतून म्युनिसिपालटीचं अंदाजपत्रक म्हणत जायचे. पाठ, खणखणीत आवाजात, रामरक्षेच्या वेळेला आणि जवळजवळ रामरक्षेच्याच चालीवर. "गटारदुरुस्ती, मंजूर रक्कम अमुक, खर्ची पडली तमुक, गटार होतं तस्संच. पाणीपुरवठा, मंजूर रक्कम..." असं करत करत ते विठोबाच्या देवळापर्यंत पोचायचे. तिथे आवाज बंद व्हायचा. नवीन बिऱ्हाडकरू पहिल्या दिवशी दचकून दारात यायचे. चार दिवसांनी त्यांनाही सवय व्हायची आणि बायका म्हणायच्या, "सोहोन्यांचं गटार गेलं, भाताला आधण ठेवा."

गावाचं नाव मी सांगत नाही. कल्याणच्या आसपासचं आहे एवढं पुरे. स्वराज्य नुकतंच आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळचे नगरपिते अजून हयात आहेत आणि त्यांतले काही पुन्हा निवडणुकीला उभे राहतात.

आप्पांची सारी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली होती. इंजिनाच्या वर आवाज काढून मालाची नावं पुकारायची सवय पेन्शनीत गेल्यावरही सुटली नव्हती. सवय सुटली नाही ती आणखी एक, दुसऱ्याच्या मालाला स्वतःचा समजून जपण्याची. म्युनिसिपालटीचा पैसा हा त्यांच्या लेखी धक्क्यावर उतरलेला माल होता. तो कुठून आला, कुठे गेला आणि वाटेत कुठे फुटला, हे विचारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"खिसा कुणाचा?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुठेही काही नवं दिसलं की तो यायचा. म्युनिसिपालटीच्या दारात नवं पायपुसणं आलं. "खिसा कुणाचा?" मंत्रिमहोदयांच्या स्वागताला कमान उभी राहिली. "खिसा कुणाचा?" मंत्रिमहोदयांची मोटार ऐन वेळी दुसऱ्याच रस्त्याने आली आणि कमानीखालून फक्त सनईवाले गेले. तेव्हा आप्पांनी अध्यक्षांना विचारलं की कमान तशीच ठेवून पुढचे मंत्री तिच्या बाजूने वळवता येतील का. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले आणि शिऱ्यातले बेदाणे पाहून सवयीने तोच प्रश्न विचारून बसले. "माझा," मी म्हटलं. "मग हरकत नाही," म्हणून त्यांनी आणखी थोडा मागितला.

हा माणूस स्वस्थ बसला आहे असं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीत बसले तरी टोकावर, गाडी चुकणार असल्यासारखे. चहा उभ्याने. बोलता बोलता उठून खिडकीशी जायचे, आभाळ बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. त्यातही एक गंमत होती. वद्य पक्षात, म्हणजे आभाळात मिट्ट काळोख असायचा तेव्हा, त्यांचं बरं चालायचं. शुद्ध पक्ष लागला की बेचैनी सुरू. लोक कोजागरीची वाट बघत आणि आप्पा चंद्राकडे जप्तीच्या बेलिफाकडे बघावं तसे बघत.

याला कारण होतं. आमच्याकडे तेव्हा वीज स्टेशनाजवळच्या चार श्रीमंत आळ्यांत होती. बाकी गावाला खांबावरचे घासलेटचे कंदील. घासलेट महाग, म्हणून म्युनिसिपालटीने एक ठराव केलेला होता : पंचांगात ज्या रात्री चांदणं असेल, त्या रात्री कंदील लावायचे नाहीत. ठराव शहाणपणाचाच होता. फक्त तो करताना कोकणपट्टीत पावसाळा असतो हे सभासदांच्या लक्षात राहिलं नाही. आषाढ-श्रावणात आभाळ गच्च भरलेलं, हाताला हात दिसत नाही, पण पंचांगात चांदणं लख्ख. कंदील बंद.

कंदील लावणारा धर्मा जवळच्या आगरी पाड्यातला. खांद्यावर शिडी टाकून तो येताना दिसला की आप्पा त्याला अडवायचे.

"काय रे धर्मा, आज दिवे?"

"नाय आप्पा. चांद हाय."

"कुठाय?"

धर्मा इमानाने मान वर करून बघायचा. वरून एक थेंब त्याच्या नाकावर पडायचा. "मना कं इचारता आप्पा? चांद असल तं शिरी उचलाची नाय, असा सायबांचा हुकूम हाय."

"मग ही शिडी कशाला घेऊन फिरतोस?"

"घरचं कौल गलतंय," धर्मा म्हणायचा आणि म्युनिसिपालटीची शिडी घेऊन निघून जायचा. त्याला मात्र आप्पांनी खिसा कुणाचा हे कधी विचारलं नाही.

सर्वसाधारण सभेत नागरिकांना भिंतीलगतच्या बाकावर बसून ऐकायची परवानगी असे, बोलायची नसे. आप्पा हा नियम अर्धा पाळत. पौर्णिमेचा काळोख त्यांनी सभेत मांडला, तेव्हा मी ठाण्याच्या कोर्टातून, जिथे मी भाषांतरकार होतो, लवकर सुटलो होतो आणि करमणूक म्हणून त्या बाकावर जाऊन बसलो होतो.

"परवाच्या पौर्णिमेला चंद्र उगवला होता का?" आप्पांनी उभं राहून विचारलं.

चीफ ऑफिसरनी कागद चाळले. "नियमाप्रमाणे उगवला होता."

"तुम्हाला दिसला?"

"दिसणं न दिसणं आमच्या खात्याकडे येत नाही."

"म्हणजे चांदणं मंजूर झालं, पण मिळालं नाही. मग दिवाबत्तीची पट्टी आम्ही चंद्राकडेच भरतो. पावतीचं तेवढं बघा."

सभासद हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते मोठे भारदस्त गृहस्थ होते; जांभई देतानाही उद्घाटन करीत आहेत असं वाटे. त्यांनी टेबलावरची घंटा वाजवली. पितळेची, नवीकोरी घंटा होती. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. सगळ्या सभेला कळलं की आता काय येणार, आणि ते आलंच. "खिसा कुणाचा?"

आप्पांना बाहेर काढण्यात आलं. जाताना ते अंदाजपत्रक म्हणत गेले नाहीत. भर दुपारी ते कधी म्हणत नसत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण त्याचा अर्थ लागला नाही.

माझा पेशा शब्दाला शब्द लावण्याचा. त्यामुळे आप्पांच्या त्या संध्यापाठातली एक गोष्ट मला खुपायची. छापील अंदाजपत्रकात पाणीपुरवठा आधी, गटारं नंतर आणि 'किरकोळ' सगळ्यात शेवटी. आप्पा गटारं आधी घेत. 'कोंडवाडा' तर आज एका ठिकाणी, उद्या भलत्याच, एखाद्या दिवशी दोनदा. मी एकदा म्हटलंही, "आप्पा, पाठ करायचंच तर नीट क्रमाने तरी करा."

"तुमचा क्रम छापखान्याचा," ते म्हणाले, "माझा रस्त्याचा." आणि उठून खिडकीशी गेले.

त्यांच्या पत्नी, काकू, या सगळ्यात कुठेच नसत. म्हणजे असत, पण आप्पांच्या मागे चार पावलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, खाली मान. त्या काळी सगळ्यांच्याच बायका तशा चालत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी पाहत नसे. देवळात कीर्तन असे, ते त्यांचं वेड. दिवसा मोठ्या प्रेमळ बाई. तांदूळ निवडताना ओसरीवरून हाक मारतील, लोणच्याची फोड हातावर ठेवतील. पण संध्याकाळी अगदी समोरून गेलं तरी ओळख देत नसत. आमच्या घरात त्यावर एकमत होतं : बाई मानी आहे. त्या पावसाळ्यात त्यांचा पाय मुरगळला. न्हाणीत घसरल्या, असं आप्पा म्हणाले. तो पाय बरा होईपर्यंत ते कुणाशी धड बोलले नाहीत, आणि नंतर चंद्राविरुद्धचे अर्ज दुप्पट झाले.

पुढे निवडणुका जवळ आल्या आणि अध्यक्ष एका संध्याकाळी ओव्हरसियरला घेऊन स्वतः आमच्या गल्लीत आले. आभाळ भरलेलं होतं आणि तिथी शुद्ध सप्तमी की अष्टमी, म्हणजे कागदावर उजेड होता. मी आप्पांच्या ओसरीवरच बसलो होतो.

"आप्पा, तुमचं म्हणणं आम्ही विचारात घेतलं," अध्यक्ष म्हणाले. "या कोपऱ्यावर, गटाराच्या तोंडाशी, एक स्वतंत्र कंदील. रोज. चांदणं असो, नसो. पौर्णिमेलासुद्धा."

एरवी आप्पांचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असे. आज ते उठले, ओसरीच्या टोकाला गेले, कोपऱ्याकडे पाहिलं. परत वळले आणि घराच्या आत पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, देवळात जायला निघालेल्या. एक हात चौकटीवर. आप्पा इतका वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले की मला अवघडल्यासारखं झालं.

"आणि पलीकडच्या गल्लीत?" शेवटी ते म्हणाले.

"तेवढी तरतूद नाही हो."

"मग माझ्यापुरती कुठून निघाली?"

"आता ते आमच्यावर सोडा की. तुमचा अर्ज होता, तुम्हाला दिवा मिळतोय. जरा शांत बसा म्हणजे झालं."

"खिसा कुणाचा?" आप्पांनी विचारलं. पण नेहमीसारखं नाही. आवाज इतका खाली की ओव्हरसियरला पुढे वाकावं लागलं. "सगळ्यांचा ना? मग एकट्या माझ्या दारात नको. लावायचे तर सगळीकडे लावा."

अध्यक्ष गेले. जाताना ओव्हरसियरला म्हणाले, "याला दिवा नकोच आहे. याला भांडण हवंय." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं.

आप्पा तसेच उभे होते. दारातून काकू म्हणाल्या, "बरं केलंत. आता चला, आख्यान सुरू होईल."

त्यांनी छत्री घेतली, पायरी उतरले आणि सुरुवात झाली. मलाही त्याच बाजूला जायचं होतं. एरवी मी आप्पांच्या बरोबरीने चाललो असतो, पण त्या दिवशी जरा अंतर ठेवावंसं वाटलं, म्हणून काकूंच्याही मागे राहिलो. त्या गल्लीतून त्या दोघांच्या मागून मी तोवर कधी चाललो नव्हतो.

"गटारदुरुस्ती," आप्पा म्हणाले. काकूंनी पाऊल उंच उचललं आणि गटारावरून पलीकडे टाकलं. खाली त्यांनी पाहिलं नव्हतं. मान सरळ होती, डोळे उघडे आणि कुठेच नसलेले.

"पाणीपुरवठा." नळाच्या चौथऱ्यापाशी त्या डावीकडे झाल्या. "रस्तेदुरुस्ती, मंजूर रक्कम..." पावलं आखूड पडू लागली, तिथे खडी उखडलेली होती. "कोंडवाडा," आप्पा एकदम मोठ्याने म्हणाले, आणि काकू रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घालून गेल्या. गाय मलाही जवळ गेल्यावर दिसली.

हात धरून नेलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण भर रस्त्यात बायकोचा हात धरणारा पुरुष आमच्या गावात तेव्हा नव्हता, आणि धरला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं असतं की सोहोनीकाकूंना दिवस मावळला की दिसत नाही.

वाण्याच्या बंद दुकानापाशी आप्पांना ठसका लागला. खोकला थांबेना. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या, भर गल्लीत, एक पाऊल पुढे टाकण्यासाठी उचललेलं, पदराचं टोक मुठीत घट्ट. समोर देवळाची पायरी होती, अगदी हाताच्या अंतरावर. मला सगळं अंदाजपत्रक पाठ होतं, छापील क्रमाने. पायरीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

खोकला ओसरला. आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही.

"किरकोळ," ते म्हणाले, आणि काकूंनी पाऊल पायरीवर ठेवलं.