खुर्चीतून उठण्याची परीक्षा

मी आयुष्यात कोणापुढे वाकलो नाही! साहेबापुढे नाही, पुढाऱ्यापुढे नाही, सासऱ्यापुढेही नाही. अलीकडे तर खाली पडलेल्या चष्म्यापुढेही नाही. दूधवाला येईपर्यंत मी आणि चष्मा दोघेही थांबतो.

गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरलो. पडलो म्हणणार नाही. जमीन जरा लवकर आली, एवढंच! पण बातमी सुरतेला मुलीकडे पोचली आणि रंजिताने फोनवरच निकाल दिला.

"आप्पा, ब्राह्मणपुरीत एकटं राहणं बंद. इकडे या."

"सातव्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे? या घरातून मी निघेन तो माझ्या मर्जीने. तोही भाजी आणायला!"

शेवटी तह झाला. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम रोज करायचा. हात छातीवर फुलीसारखे धरून खांद्यांना लावायचे, खुर्चीतून आधाराविना उठायचं, बसायचं, परत उठायचं. पायांत बळ आलं की तोल जात नाही म्हणे. रविवारी रंजिता स्वतः येऊन बघणार. उठलो तर घर माझं. हात टेकला तर सुरत!

मी घरात दार लावून तयारी केली. आणि रविवारी सकाळी अक्कल पाजळली: खुर्ची ओट्यावर भिंतीला लावून मांडली. रिक्षातून उतरतानाच पोरीला बाप उगवत्या सूर्यासारखा वर येताना दिसला पाहिजे!

एकच गोष्ट ध्यानात राहिली नाही. ओट्यासमोर सुकलालचं घर. त्याच्या बकरीने माझा कढीपत्ता खाल्ला, तेव्हा मी म्हणालो होतो, "बकरीला वळण लावायला मालकाला तरी असावं लागतं!" त्यावर त्याने अबोला धरून गल्लीदेखत शपथ घेतली होती, "मन्हा दारसमोर उठबशा काढशी, तवयच बोलसू!"

मी उठलो. बसलो. उठलो.

समोरून सुकलालची बायको कौसाबाई किंचाळली, "अवं माय! दखा तरी, आप्पा उठबशा काढी ऱ्हायनात! कान धरीसन!"

"कान नाहीत, खांदे आहेत!" मी ओरडलो. "हा व्यायाम आहे!"

"लाज वाटस त्यास्ले," कौसाबाईने जमलेल्या गल्लीला समजावलं.

किराणा दुकानाचे फुलचंदशेठ गिऱ्हाईक सोडून आले. "मोठं मन लागतं हो याला, आप्पा!"

"मन नाही, मांड्या लागतात!"

एवढ्यात सुकलाल डोळे पुसत धावत आला. मी नुकता बसलो होतो. त्याने माझ्या एका काखेत हात घातला, फुलचंदशेठनी दुसऱ्या. "बस झायं आप्पा! माफ कयं तुले!" दोघांनी मला ज्वारीच्या पोत्यासारखा उचलला. आणि नेमकी रिक्षा थांबली.

"आप्पा!" रंजिताचा चेहरा पांढराफटक. "दोन दोन माणसं लागतात उठवायला? आणि मला फोनवर थापा? बॅग कुठे आहे तुमची?"

"अगं, हे माफी..."

"कसली माफी? चला!"

ती बॅग शोधायला आत वळली. आता परत उठून दाखवलं, तर गल्लीच्या हिशेबी बकरीपुढे माझी शरणागती पक्की. नाही दाखवलं, तर कबूतरखाना! दोन क्षण विचार केला. मग खुर्चीत बसलो, हात खांद्यांना लावले आणि गरजलो, "रंजिता! इकडे बघ! कोणी हात लावायचा नाही!"

गुडघे कडाडले. कण्याने हरकत घेतली. पण उठलो! बसलो, आणि परत उठलो! गल्लीने टाळ्या पिटल्या. माझी बॅग घेऊन दारात आलेल्या रंजिताने ती खाली ठेवली.

"राहा बाबा तुम्ही इथेच!" ती रडत हसली. "मी संध्याकाळच्या गाडीने जाते."

सुकलालला हे सारं आपल्यासाठीच वाटलं. त्याने मला कडकडून मिठी मारली. मीही त्याला घट्ट धरलं. कौसाबाईने पदर डोळ्यांना लावला. मी सुकलालच्या कानाला तोंड लावलं आणि हळूच म्हणालो,

"सोडू नको भो! पायमा गोळा उना. पोरगी घरात जाईपर्यंत असाच धरी ठेव."