पलंगाखालचा पंप

चार वाजता गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि साडेतीनला नळाने मान टाकली. नळ सोडला की आतून नुसती घरघर, पाण्याचा थेंब नाही.

गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. दोन शेगड्या, एक बेसिन आणि मागे आडवा पलंग. निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी ती एकोणीस वर्षं जिवापाड सांभाळली होती. पंप मात्र पलंगाखाली. तो तिथे बसवणाऱ्याचा मास्तर दरवर्षी एकदा मनापासून उद्धार करत. आधी गादी उभी करायची, मग फळी उचलून तिला काठीचा टेकू द्यायचा आणि आत उतरून रांगायचं.

रांगताना गुडघे कुरकुरले. "गप्प बसा, शेवटचीच वेळ आहे," मास्तर त्यांना म्हणाले आणि पुढे सरकले.

आत बॅटरी पेटवली, तर फळीच्या खालच्या अंगाला खडूने काढलेला हत्ती. लपाछपीत लेक इथेच दडायची. हत्तीला पाच पाय होते. "पाचवा कशाला गं?" असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. "एक दुखला तर!" लेकीने सांगितलं होतं. मास्तरांनी आयुष्यात हजारो चित्रं तपासली, पण असा खुलासा पुन्हा ऐकला नाही.

पंपाच्या जाळीत कचरा अडकला होता. तो काढून जाळी बसवली आणि समाधानाने पाय ताणला. पाय लागला काठीला. फळी धाडकन मिटली, वर गादी आदळली. मास्तर हाक मारणार, तोच गाडीत पावलं वाजली आणि पलंगावर कुणीतरी बसलं. बायको होती. लेकीशी फोनवर बोलत होती.

"हो गं, आज जाईल गाडी. मला? मला कशाला विकायची असेल? तुझ्या बाबांचे गुडघे गेलेत, बोलत नाहीत बापडे. आठवतं, नदीकाठी चिखलात रुतलो होतो? तीन दिवस दारात बसून चहा प्यायलो. तसा चहा पुन्हा नाही लागला बघ. पण त्यांना सांगू नकोस हं, उगाच जीव अडकेल त्यांचा."

मास्तर ऐकतच राहिले. हिची कंबर धरते म्हणून तर त्यांनी छातीवर दगड ठेवून जाहिरात दिली होती!

"अडकलाच आहे जीव!" ते आतून ओरडले. "आधी ऊठ!"

बायको किंचाळली. फोन बेसिनमध्ये पडला. त्यातून लेक विचारत होती, "आई, बाबा कुठून बोलतायत?"

फळी उघडली. डोक्याला कोळिष्टकं लागलेले मास्तर बाहेर आले. "कंबरेचं बोलली नाहीस," ते म्हणाले.

"गुडघ्यांचं तुम्ही बोललात?"

बायकोने बेसिनमधला फोन उचलला, तेवढ्यात दारावर टकटक झाली. गिऱ्हाईक वेळेचं पक्कं होतं. त्याने आत येऊन नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"पाणी येतं," मास्तर घाईघाईने म्हणाले, "पण छतातूनही येतं."

"आणि चढ आला की इंजिन रडतं," बायको म्हणाली.

"दार आपोआप उघडतं."

"ब्रेकचं तर विचारूच नका!"

गिऱ्हाईक दोघांकडे बघत राहिलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं सांगितलंत! खरं सांगू? मला नकोच होती. बायकोला फिरायची भारी हौस, म्हणून आलो."

बाहेर उभी असलेली त्याची बायको खिडकीतून डोकावली. "काय हो, नाही ना पटली? सुटले गं बाई!"